बर्फावर न घसरता: काशीकाकूंबरोबर आल्प्समध्ये

आल्प्सहून परत आल्यापासून चिखलीच्या मोटार स्टँडवर जो भेटतो तो एकच विचारतो, "मंग, घसरल्या का?"

पायाला लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून खाली येतात, त्याला तिकडे स्की म्हणतात. ते केलंत का, असं विचारायचं असतं. दोन बायका समुद्रापलीकडे जाऊन आल्या, तिथे काय जेवल्या, कुणाच्या घरी राहिल्या, कुणाशी भांडल्या, यातलं काही कुणाला नको. घसरल्या का तेवढं सांगा. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. ज्यांना घसरता येत नाही, घसरायचं नाही, किंवा या वयात हाडं मोडून घ्यायची नाहीत, त्यांनी हिवाळ्यात आल्प्समध्ये जावं का? खुशाल जावं. आम्ही गेलो ते कसं, हे पुढे आहे.

चिखली: तयारी

मी पत्रकं लिहिते. चिखलीला एका छापखान्यात ट्रेडलवर छापून घेते आणि बाजाराच्या दिवशी वाटते. मागच्या वर्षी एक पत्रक काढलं होतं, 'बाई बोलते, गाव ऐकतं'. ते काशीकाकूंवर होतं. काकू आमच्या गावच्या. गाव चिखलीपासून दोन कोस. वय पंचावन्नच्या आसपास, भाजीचा मळा, चिखलीच्या बाजारात त्यांची मेथी सगळ्यांच्या आधी संपते. आणि त्या आमच्या ग्रामपंचायतीच्या सभासद आहेत. मी लिहिलं होतं की काकू पंचायतीत उठून उभ्या राहिल्या की पुरुषांच्या माना खाली जातात, त्यांच्या शब्दाशिवाय ठराव होत नाही. वाक्यावाक्याला उद्गारचिन्ह होतं. छापखान्यातले त्या चिन्हाचे खिळे संपले होते.

माझे वडील शाळामास्तर. त्यांनी पत्रकाचं इंग्रजी केलं आणि परदेशातल्या एका स्त्रीसंस्थेला पाठवलं. काही महिन्यांनी उत्तर आलं. जानेवारीत आल्प्समधल्या एका खेड्यात शेतकरी बायकांचा मेळावा आहे, आठ दिवसांचा. काशीबाईंनी यावं, आणि सहाव्या दिवशी आपण पंचायतीत कशा बोलतो ते पंधरा मिनिटं सांगावं. दुभाषी म्हणून मी. तिकिटं ते पाठवणार.

मी धावत मळ्यात गेले. काकू वांग्याला पाणी देत होत्या. मी पत्र वाचून दाखवलं.

"अन् मले बोला लागन?"

"पंधराच मिनिटं, काकू."

त्यांनी फावड्यानं एक बारं फोडलं, पाणी दुसऱ्या सरीत वळवलं. ते शेवटपर्यंत पोचेस्तोवर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हाव."

आमच्या वऱ्हाडात हाव म्हणजे हो. वाचकांनी हा शब्द ध्यानात ठेवावा. पुढच्या प्रवासात तो आम्हाला गरम कोटांपेक्षा जास्त कामी आला.

मेळावा हिवाळ्यातच का, याचं कारण पत्रात दिलं होतं. हिवाळ्यात शेतकरी बाईला सवड असते. हे वाचून माझं डोकं फिरलं. जानेवारीत आमच्याकडे तूर झोडायची, हरभरा उपटायला आलेला, गव्हाला पाणी, मळ्यात तर रोजची तोडणी. सवड कुणाला? पण ज्यांच्या शेतावर कमरेइतका बर्फ बसतो त्यांना खरंच सवड असते, हे डोळ्यांनी पाहिल्यावर मी तो राग मागे घेतला. दुसरा राग मात्र मागे घेतला नाही. त्यांनी एक रंगीत पुस्तिका पाठवली होती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत घसरणारी माणसं. सोबत एक छापील फॉर्म, त्यात प्रश्न: स्की किती येते? नवशिके, मध्यम, तरबेज. तीनच चौकोन. ज्याला येतच नाही अशा माणसाला त्या कागदावर जागाच नव्हती. मी पट्टी घेऊन चौथा चौकोन काढला, त्यात फुली केली आणि शेजारी इंग्रजीत लिहिलं, येत नाही, आणि त्यात काही कमीपणा नाही. खाली विचारलं, जी माणसं घसरत नाहीत ती तुमच्या गावात दिवसभर करतात काय?

ज्या बाईच्या घरी आम्ही उतरणार होतो तिनंच उत्तर लिहिलं. मार्था तिचं नाव. "बरंच काही करतात. लोकरीचे मोजे आणा."

मोजे माझ्या आईनं विणले. कोट मलकापूरच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात मिळाले, लष्करातले, गुडघ्याखाली जाणारे. त्यातल्या एकाच्या खिशात बिडीचं बंडल निघालं. ज्यांना जायचं असेल त्यांनी नवे कोट शिवण्याच्या भानगडीत पडू नये. बूट एक माप मोठे घ्यावेत, आत दोन मोजे बसतात. नऊवारीचं काय करायचं ही गावाला मोठी काळजी होती. काकूंनी ती चुटकीसरशी मिटवली. आतून मालकांचा लोकरी पायजमा, वरून काष्ट्याचं लुगडं. बर्फात पाचवारीपेक्षा नऊवारी शंभर पटीनं बरी, कारण तिला पाय दोन असतात. मी पाचवारी नेली आणि आठ दिवस ओल्या निऱ्या पिळत बसले.

खाण्याचं म्हणाल तर ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, लसणाची चटणी, शेंगदाणे, आणि काकूंनी फडक्यात बांधलेला वाळवलेला हुरडा. शिवाय एका चिंधीत मेथीचं बी.

मलकापूरच्या फलाटावर माझ्या वडिलांनी "जयभीम" म्हटलं, काकूंच्या मालकांनी "रामराम" केला. गाडी सुटताना मालक खिडकीशी आले.

"घरी माह्या डोक्यापाशी लय बोलतं. तथी बोलजो."

काकूंनी पदर ओढून घेतला. मी समजले, निरोपाचं वाईट वाटतंय.

वरचं गाव: पहिला दिवस

मुंबई, विमान, आणखी एक विमान, दोन आगगाड्या. यात सांगण्यासारखं एवढंच की काकूंनी विमानात खिडकी मागितली आणि मिळाल्यावर झोपून गेल्या.

शेवटची गाडी दोनच डब्यांची होती. ती डोंगराला वळसे घेत चढली. त्या गावाचं नाव मला तीन दिवस उच्चारता आलं नाही. काकूंनी पहिल्या मिनिटाला त्याचं नाव ठेवलं, वरचं गाव. डबा सोडून खाली उतरलो तर सगळं पांढरं. छपरं, कुंपणं, झाडं, झाडांच्या बारीक काड्यासुद्धा.

काकू बघत राहिल्या. "इतका कापूस," त्या म्हणाल्या, "अन् वेचाले कोनी नाई."

मार्था लाकडी घसरगाडी घेऊन आली होती. आमच्या ट्रंका तिच्यावर दोरीनं बांधल्या आणि ती स्वतः ओढत निघाली. पन्नाशीची, विधवा, हात काकूंसारखेच, बोटांची पेरं फुगलेली. तरुणपणी इंग्लंडात स्वयंपाकीण होती, त्यामुळे तिला इंग्रजी येत होतं. वाटेवर मी दोनदा पडले. काकू एकदाही पडल्या नाहीत. त्या टाच रोवून, अंगठा दाबून, लहान लहान पावलं टाकत चालल्या होत्या.

"कुठं शिकलात हो असं चालायला?"

"पांदणीत."

आमच्या गावातून मळ्यांकडे जाणारी वाट ती पांदण. पाटाचं पाणी झिरपतं, म्हणून बारा महिने चिखल. सकाळी डोक्यावर भाजीचं टोपलं घेऊन बायका तिथूनच येतात. काकूंनी सभासद झाल्या दिवसापासून एकच गोष्ट मनात धरली होती, पांदणीवर मुरूम पडावा.

घरी पोचल्यावर मार्थानं खांदे आवळून विचारलं, थंडी वाजते ना?

"हाव," काकू म्हणाल्या.

मार्था थांबली. मग आम्हाला भिंतीतल्या मोठ्या शेगडीपाशी नेलं. तिला बाहेरून चकचकीत फरशा, भोवती बसायला बाक, आणि जाळ मात्र पलीकडून, स्वयंपाकघरातून घालायचा. लाकूड कोणतं, किती, राख कधी काढायची, सगळं तिनं समजावून सांगितलं. मी भाषांतर करून दमले. मग तिनं चहाचं विचारलं. "हाव." यावर तिनं वाळवलेल्या फुलांच्या बरण्या काढल्या आणि कोणतं फूल किती वेळ उकळायचं ते सांगत बसली. भूक लागली का? "हाव." आता मात्र ती गोंधळली आणि माझ्याकडे पाहायला लागली.

मला वाटलं, फार बोलक्या स्वभावाची बाई आहे.

रात्रीचं जेवण एका पातेल्यात होतं. वितळलेलं चीज, खाली मंद दिवा, आणि प्रत्येकाच्या हातात लांब काटा. काट्याला पावाचा तुकडा टोचायचा, सगळ्यांनी त्याच पातेल्यात बुडवायचा. आमच्या गावात कोण कुणाच्या पातेल्यातलं खातं यावर मी दोन पत्रकं काढली आहेत. काकूंच्या ओट्यावर मी आजवर चहा प्यायले आहे, जेवले नाही. त्यांनी बोलावलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. इथे त्यांनी काटा बुडवला तो अगदी माझ्या काट्याशेजारी. मी बघत होते.

"काय पाह्यतं व? माहा पाव हरपला त्याच्यात. शोध."

आम्ही दोघींनी मिळून शोधला. तो मी खाल्ला.

दुसरा दिवस: फळ्या

गावाबाहेरच्या उतारावर हान्स नावाचा मास्तर घसरायला शिकवत होता. आम्ही कोट घालून कडेला उभ्या होतो, तमाशा बघायला. त्यानं काकूंकडे पाहून हसत इंग्रजीत विचारलं, करून बघणार?

काकूंना इंग्रजी ओ की ठो कळत नाही. पण परक्या माणसानं हसून विचारलं तर नकार कसा द्यायचा. "हाव," त्या म्हणाल्या.

हान्सचा चेहरा खुलला. तो जवळ आला आणि शिकवायलाच लागला. गुडघे असे, अंग पुढे, फळ्यांची टोकं आत. प्रत्येक वाक्यानंतर काकू "हाव" म्हणत होत्या आणि तो आणखी सविस्तर सांगत होता. मी मध्ये पडेपर्यंत त्यानं लष्करी कोटाखालच्या त्या पायांना फळ्या बांधल्याही होत्या. काकू तीन हात गेल्या, आणि एखादं पोतं टेकावं तशा शांतपणे बर्फात बसल्या.

"झालं काय त्याचं?" त्यांनी बसल्या बसल्या विचारलं.

मी हान्सवर तुटून पडले. तिला येत नाही हे फॉर्मवर लिहिलं होतं, चौथा चौकोन पाहिला नाहीत का. तो बिचारा म्हणाला, पण बाई सारखं विचारत होत्या, हाऊ? हाऊ?

इंग्रजीत हाऊ म्हणजे कसं.

आता मला कालपासूनचं सगळं उमगलं. शेगडी, फुलं, भूक. काकू हो म्हणत होत्या आणि वरच्या गावाला वाटत होतं, ही बाई प्रत्येक गोष्ट कशी ते विचारते आहे. मी काकूंना समजावून सांगितलं. त्या बर्फात बसून इतक्या हसल्या की फळ्यांची टोकं एकमेकींवर आपटायला लागली.

"म्हंजे म्या हाव म्हनते, अन् हे लोकं मले समजावून सांगते?"

"हो."

"बरं हाये," त्या म्हणाल्या. मग हसू ओसरलं, आणि स्वतःशीच पुन्हा म्हणाल्या, "बरं हाये व हे."

तिसरा दिवस: न घसरणाऱ्यांनी काय करावं

सकाळी दाबलेल्या बर्फाच्या वाटेनं चालावं. पायाखाली वाळक्या तुरीच्या शेंगा आल्यासारखा आवाज होतो. अर्ध्या वाटेवर एक लाकडी खोली लागते, तिथे जवाचं घट्ट सूप मिळतं, त्यात चटणी कालवावी. दुपारी ऊन असेल तर घरासमोर खुर्ची टाकून, घोंगडी पांघरून बसावं. तिथले लोक याला काम समजतात, कुणी नावं ठेवत नाही. मळ्यात असं बसलं तर सासू काय म्हणेल, असं काकूंनी मला विचारलं. त्यांच्या सासूबाई जाऊन वीस वर्षं झाली. संध्याकाळी सूर्य खाली गेल्यावर शिखरं पेटतात. "गाजर मधोमध चिरल्यावानी," काकू म्हणाल्या. मी यापेक्षा चांगलं काही लिहू शकत नाही, म्हणून तेच ठेवते.

गोठा तर प्रत्येकानं पाहावा. तो घराच्या खालीच असतो. हिवाळाभर गाई बाहेर पडत नाहीत. त्यांच्या अंगाची ऊब वर येते. काकू तिथे अर्धा तास होत्या आणि मार्थाच्या एका गाईची कास सुजल्याचं त्यांनी हातानं ओळखलं. त्यानंतर मार्था मला सोडून त्यांच्याशीच बोलायला लागली, खुणांनी.

संध्याकाळी दूध घालायला डेअरीवर गेलो. तिथे गावातले पुरुष किटल्या घेऊन रांगेत उभे होते. मार्था एकेकाला गाठून काहीतरी विचारत होती, हटकून, बोट रोखून. मी विचारलं, चाललंय काय? ती म्हणाली, रविवारी गावाची सभा आहे, बर्फ काढण्याच्या पाळ्या ठरणार आहेत. त्या सभेत मला जाता येत नाही. म्हणून आधीच प्रत्येकाला विचारून ठेवते, तू हात वर करणार तो कशासाठी.

"जाता का येत नाही?"

"आमच्या देशात बायकांना अजून मत नाही."

ऐकलंत? इतकी घड्याळं, इतकी वेळेवर सुटणारी गाडी, आणि बाईला मत नाही. आमच्याकडे माझी आई, शेजारीण, रोजगारावर जाणारी प्रत्येक बाई बोटाला शाई लावून येते. मी डेअरीच्या दारातच बोलायला सुरुवात केली. मी तुम्हाला पत्रक लिहून देते, उद्याच्या उद्या. आमच्या काकूंकडे पाहा, त्या मत तर देतातच, त्या पंचायतीत बसतात, त्यांच्या शब्दाशिवाय ठराव होत नाही.

मार्थानं काकूंचा हात धरला, तिच्या डोळ्यांत कौतुक होतं.

"काय सांगून राह्यली तिले?" काकूंनी विचारलं.

मी सांगितलं.

काकूंनी हात सोडवून घेतला. परत येताना त्या माझ्यापुढे चालत होत्या, पांदणीतल्या त्या लहान पावलांनी. घराच्या कुंपणाशी थांबल्या.

"सुमन, म्या पंचायतीत कधी तोंड उघडलंच नाई."

मी त्यांच्याकडे वळले.

"कोतवाल पुस्तक घेऊन मळ्यात येते. म्या हात पुसते अन् सही करते. चार-पाच डाव गेली बैठकीले. सतरंजी दारापाशी. पुरुष खुर्च्यायवर. सरपंच म्हनते, काशीबाई, मंजूर? म्या म्हनते, हाव. झाली बैठक. पांदणीचं बोलाचं म्हनून ठरवून गेली तीन डाव. तिन्ही डाव हाव म्हनून वापस आली."

"मग मी लिहिलं तेव्हा सांगितलं का नाही?"

"तू कुठं इचारलं? तू छापूनच आनलं."

हे खरं होतं. मी त्यांना पत्रक दाखवलं ते छापून झाल्यावर, बाजारात, मेथीच्या ढिगाशेजारी उभी राहून. त्या तेव्हाही हाव म्हणाल्या होत्या.

चौथा आणि पाचवा दिवस

मी आधी सरपंचावर चिडले. मग कोतवालावर. मग काकूंवर, एक दुपारभर. स्वतःवर चिडायला सगळ्यात वेळ लागला. पण सहावा दिवस तोंडावर होता. निरनिराळ्या देशांतून आलेल्या बायका आमच्या पत्रकाचं इंग्रजी वाचून आल्या होत्या, चहाच्या वेळी काकूंकडे बोट दाखवत होत्या. काकू खोट्या ठरणार होत्या, आणि ते खोटं माझं होतं.

मी रस्ता काढला. शेगडीच्या बाकावर बसून पाच पानांचं भाषण लिहिलं. त्यात काकू दारापासच्या सतरंजीवरून उठतात आणि गर्जतात. वाचून दाखवलं. काकू मार्थाच्या खिडकीतल्या कुंड्यांत मेथीचं बी दाबत होत्या.

"लय चांगलं हाये."

"मग पाठ करा."

"करत नाई."

"का?"

"तुह्या कागदावरचं म्या म्हनलं, तं तेबी सहीच झाली ना व."

त्यांनी बोट मातीत पेरभर घातलं, बी टाकलं, माती सारखी केली. मी ती पाच पानं शेगडीत घालायला स्वयंपाकघरात गेले. मार्थानं ती हातातून घेतली. कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती दुधाचा हिशेब लिहिते म्हणाली.

सहावा दिवस

मेळावा शाळेच्या हॉलमध्ये होता. काकूंचा नंबर आला. त्या उभ्या राहिल्या, कोट काढून खुर्चीवर ठेवला, पदर डोक्यावरून घेतला. मी शेजारी. पंधरा मिनिटं दिली होती.

"या पोरीनं तुमाले लिहिलं, का म्या पंचायतीत बोलते," त्या म्हणाल्या. "म्या बोलत नाई."

आणि माझ्याकडे पाहिलं. मला भाषांतर करायचं होतं. दुभाष्याला शब्द गिळता येत नाहीत. मी ते इंग्रजीत सांगितलं, माझ्याच तोंडानं, माझं खोटं. हॉलमध्ये खुर्च्या वाजल्या.

मग त्यांनी सतरंजी सांगितली. कोतवालाचं पुस्तक सांगितलं. पांदण सांगितली, टोपलं, चिखल, आणि त्या चिखलामुळे आपण इथे बर्फात पडत नाही हेही. बायका हसल्या. पाच-सहा वाक्यांनंतर काकूंचा आवाज मळ्यातल्यासारखा मोठा झाला.

"माह्या गावात म्या हाव म्हनलं का पुस्तक पुढं सरकवते. इथं म्या हाव म्हनलं, तं मानसं थांबते अन् समजावून सांगते. चूक तुमची झाली. पन मले ते चांगलं वाटलं."

हे सांगताना मला 'हाव' आणि 'हाऊ' दोन्ही समजावून सांगावे लागले, फळ्यावर खडूनं लिहून. हान्स मागच्या दाराशी उभा होता, तो लाल झाला. मार्था उठली. ती म्हणाली, मी गावाच्या सभेत जाऊ शकत नाही, पण डेअरीवर सगळ्यांना बोलून भंडावून सोडते. ही बाई सभेत बसू शकते आणि बोलत नाही. आम्हा दोघींची मिळून एक पूर्ण सभासद होते.

काकूंना मी ते सांगितलं. "मंग तिले म्हन, आपन अदलाबदल करू," काकू म्हणाल्या. "म्या डेअरीवर उभी राह्यते."

पंधरा मिनिटं कधीच होऊन गेली होती. थांबवलं कुणी नाही.

निघायच्या सकाळी कुंडीत मेथीला दोन-दोन पानं आली होती. मार्थानं विचारलं, ही शिजवायची कशी? काकू लगेच सांगायला लागल्या, लसूण किती, मिरची किती, पाणी घालायचं नाही. मी भाषांतर केलं. मार्था प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. "हाव," ती म्हणाली.

परत गावात

फेब्रुवारीत पंचायतीची बैठक होती. पुस्तक घेऊन कोतवाल मळ्यात आला, तेव्हा काकूंनी त्याला सांगितलं, चावडीतच ठेवा, म्या येते. मी चावडीच्या खिडकीबाहेर उभी होते. पत्रक लिहायला नाही. कागदच नेला नव्हता.

काकू सतरंजीवर बसल्या नाहीत. कडेला एक खुर्ची होती, तिच्यावर बसल्या. ग्रामसेवकानं एका दमात काहीतरी वाचलं. सरपंचांनी नेहमीसारखं विचारलं, "काशीबाई, मंजूर?"

"हाऊ?"

"मंजूर. लिहा हो पुढं."

"लिहू नोका. म्या हाव नाई म्हनलं. हाऊ म्हनलं."

"म्हंजे काय?"

"म्हंजे कसं. काय मंजूर, कुठलं, कोनासाठी, ते समजावून सांगा."

एक सभासद हसला. "काकू इंग्रजी शिकून आल्या बे."

"एकच शब्द शिकली, भाऊ. तेवढा पुरते."

ग्रामसेवकानं पहिल्यापासून वाचलं, या वेळी सावकाश. सरपंचांच्या गोदामापुढच्या रस्त्यावर मुरूम टाकायचा होता. काकूंनी विचारलं, पांदणीवर काऊन नाही? ग्रामसेवकानं मागची पानं चाळली आणि खाली मान घालून म्हणाला की पांदणीवर मुरूम पडलेला आहे. मागच्या वर्षीच. ठराव आहे. खाली काशीबाईंची सही आहे.

काकूंनी पुस्तक हातात घेतलं, सही पाहिली. त्यावर मळ्यातल्या मातीचा अंगठ्याएवढा डाग होता.

"सही माहीच हाये," त्या म्हणाल्या. "मुरूम कुठं हाये ते दाखवा. चला."

आणि त्या उठल्या. सभासद उठावं की बसावं करत राहिले, मग एकेक करत मागे निघाले. सरपंचांना थांबता येईना. बैठक अशी पांदणीत आली, पुस्तकासकट. पहाटेच पाटाला पाणी सोडलं होतं. काकू पुढे, टाच रोवून, अंगठा दाबून. मागे पांढरी धोतरं, हातात चपला.

मुरुमाचा एक खडाही दिसला नाही. पुढच्या ठरावात पांदणीचं नाव पहिलं आलं, ते काकूंनी दोनदा वाचून घेतलं, मग सही केली. मीही नवं पत्रक काढलं आहे. मजकूर छापायच्या आधी काकूंना वाचून दाखवला, त्यांच्या घरात, जेवताना. त्यांनी तीन वाक्यं काढायला लावली आणि सगळी उद्गारचिन्हं.

तेव्हा स्टँडवर जे विचारतात त्यांना उत्तर. हो, घसरलो. काकू हान्सच्या उतारावर, तीन हात. मी वाटेवर, आठ दिवसांत कितीदा ते मोजलं नाही. आणि आमचे सरपंच, पांदणीत, मळ्याच्या वळणावर, सगळ्या पंचायतीदेखत, फळ्या न बांधता.